तार तीच, मग वेग कुठून आला?

कराडजवळच्या एका गावातल्या, पॉलिटेक्निकला शिकणाऱ्या मुलाचा प्रश्न आहे. आजोबांच्या घरी अजून जुन्या टेलिफोनच्या तारेवरूनच ब्रॉडबँड येतं, गल्लीत फायबर आलेलं नाही. तो विचारतो: "काका, याच तारेवर बाबांच्या काळात डायल-अप ५६ केबीपीएसच्या वर जात नव्हतं. मग आज त्यावरून एमबीपीएसमध्ये डेटा कसा जातो? फोन आणि नेट एकाच वेळी कसे चालतात? आणि एक्स्चेंज दोन किलोमीटरवर असून आम्हाला २ एमबीपीएस, शेजारच्या घरी ८, असं का? नवा मोडेम घेऊन पाहिला, काही फरक नाही." त्यानं मोडेमच्या पानावरचे आकडेही दिले आहेत: डाउनस्ट्रीम अटेन्युएशन (एक्स्चेंजहून घरी येताना सिग्नल किती क्षीण होतो) ३१ डेसिबल, एसएनआर मार्जिन (गोंगाटाविरुद्ध राखून ठेवलेला फरक) ६.५ डेसिबल, मिळू शकणारा कमाल वेग २२४० केबीपीएस.

मी सव्वीस वर्षं टेलिफोनच्या बाहेरच्या लाइनवर काम केलं. केबलचे जॉइंट करण्यापासून सुरुवात केली आणि शेवटची बारा वर्षं फक्त ब्रॉडबँडचे फॉल्ट काढले. काका म्हणाला आहेस, म्हणून मीही 'तू'च म्हणतो.

आधी तुझ्या आकड्यांवरून जे दिसतं ते सांगतो. तुमचा वेग अंतरानं खाल्लेला नाही, मोडेमनंही नाही. टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड नेण्याच्या पद्धतीला एडीएसएल म्हणतात. तिच्या लाइनवर अटेन्युएशनला १४ नं भागायचं, म्हणजे साधारण किलोमीटर मिळतात, हा आमचा कामचलाऊ हिशेब. ३१ भागिले १४ म्हणजे सव्वादोन, तू सांगितलेल्या अंतराशी जुळतं. एवढ्या लांबीच्या धड लाइनवर एडीएसएल-२-प्लसनं, म्हणजे तिच्या पुढच्या आवृत्तीनं, दहा एमबीपीएसच्या आसपास द्यायला हवेत. मधले आठ कुठे गेले ते तारेतच शोधावं लागेल, आणि त्यासाठी तारेत काय चालतं ते नीट कळायला हवं.

५६ चं कोडं आधी सोडवू. जुनी तांब्याची तार मंद होती असं सगळ्यांना वाटतं. तार कधीच मंद नव्हती, अडसर एक्स्चेंजच्या आत होता. तुमच्या फोनच्या दोन तारांची जोडी एक्स्चेंजमध्ये ज्या कार्डावर संपते, त्या कार्डावर एक फिल्टर असतो. माणसाचं बोलणं समजायला ३०० ते ३४०० हर्ट्झ पुरतात, म्हणून तेवढंच आत घ्यायचं आणि वरचं सगळं कापायचं. आत घेतलेल्या आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येक नमुना ८ बिट्सचा, म्हणजे एका कॉलला ६४ केबीपीएस. डायल-अप मोडेम बिट्सचा आवाज करायचा (ती किर्रर्र तुझ्या बाबांना आठवत असेल) आणि तो आवाज याच ३१०० हर्ट्झच्या अरुंद दारातून आत ढकलायचा. एका वाटेवरून जास्तीत जास्त किती बिट्स जातील ते सांगणारं शॅननचं सूत्र तुम्हाला शिकवलं असेल. त्यात ३१०० हर्ट्झ बँडविड्थ आणि चांगल्या लाइनचं ३५ डेसिबल सिग्नल-नॉइज गुणोत्तर घालून बघ, उत्तर ३६ केबीपीएस येतं. व्ही-३४ जातीचे मोडेम ३३.६ वर थांबले ते याच भिंतीला टेकून. १९९८ च्या व्ही-९० नं इंटरनेट सेवा देणाऱ्याची बाजू थेट डिजिटल जोडून एक रूपांतर वाचवलं, म्हणून ५६ पर्यंत मजल गेली. त्यापुढे जायला जागाच नव्हती, कारण पुढे ६४ ची भिंत होती.

ब्रॉडबँडनं त्या दारातून जाणंच सोडून दिलं.

एक्स्चेंजमध्ये एमडीएफ नावाची मोठी लोखंडी चौकट असते. शहरातून आलेल्या सगळ्या केबल तिथे येऊन टेकतात. पूर्वी तिथून जंपर वायर सरळ आवाजाच्या कार्डाकडे जायची. ब्रॉडबँड घेतलं की तो जंपर काढून जोडी आधी डीस्लॅम नावाच्या यंत्राच्या पोर्टवर नेतात. तिथल्या स्प्लिटरमध्ये खालच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या होऊन पुन्हा फोनच्या कार्डाकडे जातात आणि वरच्या डीस्लॅममध्ये शिरतात. म्हणजे तुझा डेटा आवाजाच्या स्विचमध्ये पाऊलही टाकत नाही. डायल-अपमध्ये इंटरनेट हा एक कॉल होता, मिनिटांवर बिल यायचं आणि घरचा फोन एंगेज लागायचा. इथे कॉलच नाही. मोडेम सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत जोडणी उभी असते.

घरी तुमच्या रोझेटजवळ, म्हणजे भिंतीवरच्या टेलिफोनच्या सॉकेटजवळ, जी छोटी डबी आहे, 'लाइन', 'फोन' आणि 'मोडेम' अशी तीन भोकांची, तीही स्प्लिटरच, तेच काम करते. फोनकडे जाणाऱ्या वाटेवर वरच्या फ्रिक्वेन्सी अडवते. ही डबी नसेल तर फोनचा रिसीव्हर उचलला-ठेवला की जोडीचा विद्युत स्वभावच बदलतो, मोडेमला ते झेपत नाही आणि लाइट लुकलुकायला लागते. तसंच आजोबांच्या कानात खरखर येते ती निराळी.

आता वरच्या फ्रिक्वेन्सींत काय चालतं ते. हे मला आजही मनापासून आवडतं. मूळ एडीएसएल १.१ मेगाहर्ट्झपर्यंतची जागा वापरतं आणि ती सलग न वापरता ४.३१२५ किलोहर्ट्झच्या २५६ पट्ट्यांत कापून घेतं. एकेका पट्टीला टोन म्हणतात. बाजाची पेटी डोळ्यांसमोर आण: सगळ्यात खालच्या काही पट्ट्या टेलिफोनसाठी सोडलेल्या, त्यावरच्या पंचवीसेक पट्ट्या म्हणजे साधारण १३८ किलोहर्ट्झपर्यंत तुझ्या घरून एक्स्चेंजकडे जाणाऱ्या डेटाच्या, आणि उरलेल्या सगळ्या एक्स्चेंजकडून तुझ्याकडे येणाऱ्या. एडीएसएल-२-प्लसमध्ये पट्ट्या ५१२ झाल्या आणि वरची हद्द २.२ मेगाहर्ट्झवर गेली. म्हणूनच कागदावरचा वेग ८ वरून २४ एमबीपीएस झाला.

प्रत्येक टोन म्हणजे एक स्वतंत्र छोटा मोडेम. सेकंदाला ४००० वेळा तो एक चिन्ह पाठवतो आणि त्या चिन्हात १ पासून १५ पर्यंत बिट्स बसवतो. किती बसवायचे हे लाइन ठरवते. मोडेम चालू केल्यावर डीएसएलची लाइट आधी लुकलुकते ना, त्या अर्ध्या-एक मिनिटात दोन्ही टोकं एकमेकांना ठरावीक सिग्नल पाठवून एकेका टोनवर किती आवाज पोचतो आणि किती गोंगाट आहे हे मोजत असतात. मग तक्ता तयार होतो: चाळिसाव्या टोनवर १२ बिट्स, दोनशेव्यावर ६, चारशेव्यावर २, अमुक टोन सोडूनच द्यायचा. तक्ता ठरला की लाइट स्थिर होते. पुढेही एखादा टोन बिघडला तर त्यावरचे बिट्स शेजारच्या धडधाकट टोनवर हलवण्याचं काम चालूच राहतं. लाइनची इतकी बारीक नाडीपरीक्षा कुठल्याच मेगरनं (इन्सुलेशन मोजण्याच्या यंत्रानं) कधी केली नव्हती.

एक जादा बिट बसवायला सिग्नल गोंगाटापेक्षा आणखी सुमारे ३ डेसिबल वर लागतो, हा आकडा पाठ करून ठेव. समजा, लाइनवरचा गोंगाट ६ डेसिबलनं वाढला. मग प्रत्येक टोनवरचे दोन बिट्स गेले. चारशे टोन वापरात असतील तर ४०० गुणिले २ गुणिले ४०००, म्हणजे सेकंदाला ३२ लाख बिट्स. एका ढिल्या जॉइंटनं तीन एमबीपीएस कसे जातात, ते या गुणाकारात आहे.

अंतराचं काय? पाटाच्या पाण्याचं होतं तेच. धरणाजवळच्या शेताला पाणी जोरात मिळतं, टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पोचेतो निम्मं पाझरून गेलेलं असतं. तारेत वरच्या फ्रिक्वेन्सींचं पाझरणं जास्त, कारण फ्रिक्वेन्सी वाढली की करंट तांब्याच्या फक्त बाहेरच्या कातडीतून वाहतो. ३१ डेसिबल म्हणजे निघालेल्या शक्तीचा हजारावा भागही तुझ्यापर्यंत पोचत नाही, साठ डेसिबल म्हणजे दहा लाखांतला एक. किलोमीटरच्या आत २० एमबीपीएसच्या वर, तीन किलोमीटरला सात-आठ, पाच किलोमीटरला एक-दोन, असा ढोबळ अंदाज धरायला हरकत नाही. अंतर म्हणजे हवेतलं अंतर नव्हे. एक्स्चेंजहून पिलर (रस्त्याकडेची जोडण्यांची पेटी), पिलरहून डीपी (गल्लीतल्या घरांना जोड्या वाटणारी छोटी पेटी), डीपीवरून घरापर्यंतची ड्रॉप वायर, असा केबलचा रस्ता असतो. कधी कधी एक्स्चेंज समोर दिसत असतं आणि केबल मात्र बाजारपेठेला वळसा घालून आलेली असते. शिवाय तारेची जाडीही बघावी लागते. ०.५ मिलिमीटरची तार ०.४ पेक्षा लांब पल्ल्याला बरी.

येणारा वेग जास्त आणि जाणारा कमी, हे काही कंपन्यांचं कंजूषपण नव्हतं, त्यामागे एका माणसाची सूक्ष्म नजर आहे. अमेरिकेत टेलिफोन कंपन्यांच्या बेलकोर या संशोधन संस्थेत जोसेफ लेकलायडर नावाचे अभियंते होते. एका केबलमध्ये शेकडो जोड्या एकमेकींना चिकटून असतात, आणि एकीतलं थोडं थोडं दुसरीत झिरपतं. समजा, दोन्ही दिशांना एकच फ्रिक्वेन्सी वापरली. तुझ्या मोडेमला दोन किलोमीटरवरून येणारा क्षीण आवाज ऐकायचा आहे, आणि त्याच वेळी त्याच पट्टीत शेजाऱ्याचा मोडेम कानाशी ओरडतोय. काही ऐकू येणार नाही. पण एका पट्टीत सगळ्यांनी एकाच दिशेनं बोलायचं ठरवलं तर शेजाऱ्याचं झिरपणंही लांबून, तुझ्या सिग्नलइतकंच दमून येतं. घरच्या माणसाला यायला जास्त हवं, पाठवायला कमी, म्हणून येणारी बाजू रुंद ठेवली. त्या पट्ट्यांत बिट्स भरण्याची रीत स्टॅनफर्डच्या जॉन सिओफींनी प्रत्यक्षात आणून दाखवली, आणि १९९३ मध्ये बेलकोरच्या चाचण्यांत ती इतर पद्धतींपेक्षा सरस ठरली. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक आलं. आपल्याकडे २००४ च्या ब्रॉडबँड धोरणानं २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं, आणि २००५ च्या सुरुवातीला बीएसएनएलचं डेटावन आणि मुंबई-दिल्लीत एमटीएनएलचं ट्रायबँड घरोघर जायला लागलं. त्यासाठी रस्ते खणावे लागले नाहीत. चाळीत, वाड्यात, बंगल्यात जोडी आधीच पोचलेली होती.

गोंगाट कुठून येतो याचं एक उदाहरण देतो. आकाशवाणी पुणे केंद्र मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झला लागतं. ७९२ भागिले ४.३१२५ केलंस तर १८३.६५ येतं. रेडिओ लहरी डोक्यावरच्या ड्रॉप वायरमध्ये अँटेनासारख्या शिरतात, आणि पुण्यात कितीतरी घरांच्या मोडेममधला बिट-तक्ता उघडला की १८३-१८४ टोनच्या जागी खड्डा दिसायचा. मोडेमनं ते टोन मुकाट्यानं बाजूला ठेवलेले असायचे. एक स्टेशन म्हणजे चार-पाच टोनांचं नुकसान, बाकी गाडा सुरळीत चालतो. सगळी जागा सलग वापरणाऱ्या पद्धतीला हेच जड गेलं असतं. नव्या मुलांना शिकवताना मी मुद्दाम हा खड्डा दाखवायचो, कारण रेडिओ ऐकत मोठे झालेल्या कुणालाही तो लगेच पटतो.

अवचित येणारा गोंगाट वेगळा. एका घरी रोज संध्याकाळी पाचनंतर नेट तुटायचं. दुपारी आम्ही जाऊन बघावं तर सगळं उत्तम. शेवटी मी पाच वाजता तिथेच बसून राहिलो. शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली आणि मोटारीच्या प्रत्येक धक्क्याबरोबर मोडेमच्या एरर मोजणीचा आकडा उड्या मारू लागला. अशा झटक्यांवर इंटरलीव्हिंग हा उपाय असतो: पाठवण्याआधी डेटा पत्त्यांसारखा पिसायचा, म्हणजे झटक्यानं सलग गेलेले बिट्स उलगडल्यावर विखुरले जातात आणि दुरुस्तीचा कोड ते भरून काढतो. मोबदल्यात काही मिलिसेकंदांचा उशीर पत्करावा लागतो. आम्ही पोर्टचं प्रोफाइल बदललं आणि ड्रॉप वायर गिरणीच्या मीटरच्या पाइपापासून हलवून घेतली. त्या घरून पुन्हा तक्रार आली नाही.

आता जोडीच्या आतले रोग. तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथेच कुठेतरी आहे असं मला वाटतं.

फोन सरळ चालतो म्हणजे लाइन चांगली, असं समजू नकोस. फोनला फारच थोडं लागतं. उलटंही घडतं: फोन पूर्ण डेड, पण नेट चालू. ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. जोडीतली एक तार, म्हणजे एक लिंब, तुटली की ४८ व्होल्टच्या बॅटरीचं वर्तुळ तुटतं आणि डायल टोन जातो. पण वरच्या फ्रिक्वेन्सी त्या बारीक फटीवरून, शेजारच्या तारांच्या कपॅसिटन्समधून उडी मारून जातात. मोडेम रडतखडत का होईना, जोडून राहतो. तक्रार घेणाऱ्यांनी अशा लोकांना "नेट चालू आहे म्हणजे लाइन ठीक आहे" असं सांगून परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. ते चूक होतं, लाइन तेव्हा अर्धी मेलेली असते.

दुसरा रोग गंजलेल्या जॉइंटचा. कोकणात डीपीच्या टर्मिनलवर खाऱ्या हवेनं हिरवा थर चढायचा. अशा जॉइंटवर तांब्यावर तांबं टेकलेलं असतं, पण मध्ये गंजाचा पापुद्रा. फोन उचलला की करंट वाहतो, तो पापुद्रा भेदला जातो आणि जॉइंट तेवढ्यापुरता सुधारतो. "फोनवर बोलत असलो की नेट पळतं, फोन ठेवला की गळतं" असं कुणी सांगितलं तर मी मोडेमकडे बघतसुद्धा नसे, थेट शिडी घेऊन डीपीवर चढायचो. रिंग आली की नेट तुटणं हेही बहुतेक वेळा याचंच लक्षण, नाहीतर बिघडलेल्या स्प्लिटरचं.

तिसरा रोग सगळ्यात फसवा. एका तालुक्याच्या गावी डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन खणखणीत, नेट मात्र ६०० केबीपीएसवर अडलेलं. तीन मोडेम बदलले, एक्स्चेंजमधलं पोर्ट बदललं. इन्सुलेशन मोजलं, उत्तम. लूप रेझिस्टन्स मोजला, हिशेबात बसला. कागदावर ती लाइन निरोगी होती. रात्री नऊनंतर, गाव शांत झाल्यावर, मी डीपीवर टेस्ट फोन लावून नुसता ऐकत राहिलो. अगदी पुसट, दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं ऐकू येत होतं. शब्द कळत नव्हते, चाल कळत होती. तेव्हा उजेड पडला.

टेलिफोनच्या जोडीत दोन तारा एकमेकींना पिळा घालून असतात. हा पीळच जोडीचं कवच. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो, आणि मोडेम दोघींतला फरक वाचत असल्यामुळे तो आपोआप वजा होतो. आपल्या जेलीभरल्या केबलमध्ये पहिली जोडी पांढरा-निळा, दुसरी पांढरा-नारिंगी, तिसरी पांढरा-हिरवा. म्हणजे पहिल्या पाचही जोड्यांत एकेक पांढरी तार आहे, आणि पीळ सोडवला की पांढऱ्या तारा एकमेकींपासून ओळखू येत नाहीत. त्या गावात ओढ्याच्या पुलाजवळ जेसीबीनं केबल तोडली होती आणि कुणीतरी मध्ये शेदोनशे मीटरचा नवा तुकडा घालून दोन जॉइंट केले होते. एका जॉइंटवर नारिंगीची आणि हिरव्याची पांढरी तार एकमेकींच्या जागी गेली. दुसऱ्या जॉइंटवर तारेत चाचणीचा आवाज सोडून बघितलं तेव्हा नंबर जुळेनात, म्हणून तिथे पुन्हा उलटून जुळवल्या. दोन्ही टोकांना सगळं बरोबर, पण मधल्या तुकड्यात डॉक्टरांची एक तार एका जोडीत आणि दुसरी दुसऱ्या जोडीत! पीळ फुकट गेला होता, आणि त्याच दुसऱ्या जोडीवर आणखी एकाचं ब्रॉडबँड चालू होतं. आम्ही याला स्प्लिट पेअर म्हणतो. मेगरला तो दिसत नाही, कारण कुठे गळती नाही आणि कुठे तुटलेलंही नाही. पकडायचा तर कपॅसिटन्स मोजायचा: अशा केबलमध्ये जोडीच्या दोन तारांत किलोमीटरला ५२ नॅनोफॅरडच्या आसपास हवा, तो कमी भरतो. दुसऱ्या दिवशी दोन्ही जॉइंट उघडून पीळ न सोडता जोड्या नीट जुळवल्या. तासाभरात डॉक्टरांचं मोडेम प्लॅनच्या पूर्ण वेगावर गेलं. नोकरीतली मला सगळ्यात समाधान देणारी कामं आठवायला सांगितली तर हे पहिल्या दोनांत येईल.

चौथा रोग घरातला, आणि आजोबांचं घर जुनं असल्यामुळे मी त्याबद्दल विचारणार आहे. माडीवर एक्स्टेन्शन आहे का? जुन्या घरांत मुख्य लाइनवरूनच एक वायर फोडून वरच्या खोलीत नेलेली असते. वरचा फोन कधीच काढून ठेवलेला असतो, वायर तशीच लोंबत असते. फोनला तिचा काही त्रास नाही. पण मोडेमचा सिग्नल त्या फाट्यात शिरतो, टोकाला आपटून परत येतो आणि मूळ सिग्नलला छेद देतो. फाट्याची लांबी लहरीच्या चौथ्या भागाइतकी असेल त्या फ्रिक्वेन्सीवर दोघं एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. तारेत लहर सेकंदाला सुमारे २० कोटी मीटर जाते. ३० मीटरच्या फाट्याला चारनं गुणून भागलंस तर १.७ मेगाहर्ट्झ येतात, एडीएसएल-२-प्लसच्या नेमक्या वरच्या भागात. रस्त्यावर जुन्या डीपीकडे जाणारा १०० मीटरचा फाटा तसाच राहिला असेल तर घाव ५०० किलोहर्ट्झवर, म्हणजे ज्या टोनांवर सगळ्यात जास्त बिट्स बसतात तिथे. वर एखादा फोन स्प्लिटरशिवाय लावलेला असेल तर त्याची भर वेगळी.

पावसाचं तुला ठाऊकच असेल. जेली भरलेल्या केबलच्या आत पाणी सहसा जात नाही, ते जॉइंटमध्ये आणि डीपीत शिरतं. जूनच्या पहिल्या पावसात खरखर सुरू होऊन दिवाळीपर्यंत आपोआप थांबत असेल, तर ती लाइन बरी झालेली नसते, फक्त वाळलेली असते.

तुझ्या आकड्यांकडे परत येतो. मार्जिन म्हणजे बिट्स बसवून झाल्यावर राखून ठेवलेला सुरक्षित फरक, आणि तो साधारण ६ डेसिबल ठेवतात. तुझा ६.५ आहे. म्हणजे मोडेमनं लाइनमधून निघेल तेवढं सगळं पिळून काढलं आहे आणि तरी २२४० केबीपीएसच निघाले. प्लॅननं किंवा पोर्टनं अडवलं असतं तर मार्जिन पंधरा-वीस दिसलं असतं. शेजाऱ्यांचं पान उघडून बघ, त्यांना ८ चा प्लॅन असेल तर त्यांच्याकडे बहुधा तसंच दिसेल. अटेन्युएशन दोघांचं जवळपास सारखं आणि वेगात चौपट फरक, याचा अर्थ तुमच्या जोडीवर गोंगाट चढला आहे किंवा फाटा आहे. मोडेमचा यात काही दोष नाही, तो जुना परत वापरायला काढ.

आणि डाउनलोड करताना '२२०' दिसलं तर घाबरू नकोस. ते किलोबाइट्स असतात, आठनं गुणायचं. शिवाय एडीएसएलमध्ये डेटा ५३ बाइट्सच्या छोट्या डब्यांतून जातो आणि त्यातले ५ बाइट्स पत्त्यासाठी जातात, म्हणून जोडणीच्या वेगाच्या दहा-पंधरा टक्के कमीच हातात येतात.

तू विचारलं नाहीस, पण पुढचा प्रश्न येणार म्हणून सांगतो. तांब्यावरून याहून जास्तही जातं. व्हीडीएसएल-२ हे मानक १७ मेगाहर्ट्झ आणि त्याच्याही वर जातं, फक्त तार काही शे मीटरच हवी, म्हणून फायबर चौकातल्या कॅबिनेटपर्यंत आणून शेवटचा टप्पा तांब्यावर ठेवतात. इंग्लंडमध्ये अशा जोडण्या ८० एमबीपीएसपर्यंत विकल्या गेल्या. जर्मनीत सगळ्या जोड्यांमधलं झिरपणं आधीच गणित करून उलट सिग्नलनं पुसून टाकतात, त्याला व्हेक्टरिंग म्हणतात, आणि तिथे २५० एमबीपीएसपर्यंत नेलं आहे. माझा भाचा श्टुटगार्टला राहतो, त्याच्या घरी अजून भिंतीतल्या टेलिफोनच्या सॉकेटमधूनच नेट येतं. आपल्याकडे केबल लांब, जॉइंट फार, म्हणून थेट घरापर्यंत फायबर टाकणं हाच निर्णय मला योग्य वाटतो. पण ते तुमच्या गल्लीत येईपर्यंत आजोबांनी २ एमबीपीएसवर का राहावं?

तर असं कर. संध्याकाळी, रोज ज्या वेळी नेट वापरता त्या वेळी, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ वर, म्हणजे मोडेमच्या पानावर, जाऊन तिन्ही आकडे लिहून घे. मग बाहेरून येणारी ड्रॉप वायर घरात पहिल्यांदा जिथे टेकते तो रोझेट शोध. तिथे माडीकडे जाणारी वायर सोडव, घरातले सगळे फोन काढ, स्प्लिटरही काढ, आणि छोट्या वायरनं मोडेम थेट त्या रोझेटला लावून दहा मिनिटं थांब. पावसात किंवा वीज कडाडत असताना हे करू नकोस, आणि स्क्रू सोडवताना दोन्ही तारांना एकदम हात लावू नकोस, रिंग आली तर ७५ व्होल्टच्या आसपासचा झटका बसतो. कमाल वेगाचा आकडा सहा-सात हजारांवर गेला तर रोग घरात होता. एक्स्टेन्शनची वायर कायमची काढून टाक आणि फोन स्प्लिटरमधूनच लाव. आकडा हललाच नाही तर तक्रार नोंदव. पण नुसतं 'नेट स्लो आहे' असं लिहू नकोस, त्यानं कुणीतरी येऊन मोडेम रीसेट करून जाईल. अटेन्युएशन ३१, मार्जिन ६.५, रोझेटवर थेट लावूनही कमाल २२४०, असं आकड्यांनिशी लिही. लाइनमन आले की त्यांना चहा दे आणि विचार: डीपीत मोकळी जोडी आहे का, असली तर त्यावर टाकून बघता का, आणि नसेल तर या जोडीचा कपॅसिटन्स मोजता का. जाणता माणूस 'स्प्लिट' शब्द ऐकला की लगेच समजतो, आणि गेल्या वर्षभरात तुमच्या बाजूला कुठे खोदकाम झालं हे बहुधा त्याला पाठ असतं.

दोन्ही वेळचे आकडे इथेच लिहून कळव. आधीचे आणि नंतरचे शेजारी शेजारी ठेवले की पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते मी सांगू शकेन.